प्रेमपूर्वक कमी करण्यात येत आहे

३ फेब्रुवारी, मंगळवार

दातांच्या डॉक्टरचं पत्र आलं. दोनच ओळी – 'माझा विश्वास राहिलेला नाही. चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरातून माझं नाव कमी करावं.' खाली सही. डॉक्टर असून वाचता येण्यासारखी!

पंधरा वर्षं याने रविवारी मुलांचा वर्ग घेतला. आमच्या लेकीलाही यानेच शिकवलं. यांनी – म्हणजे आमच्या पाळकसाहेबांनी, माझ्या नवऱ्याने – पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तेही बोलले नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हेडमास्तरांनी तातडीची सभा बोलावली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शाळा काही अंगातून जात नाही. ठराव – मंडळी सोडून जाणाऱ्यांना करुणा दाखवण्यासाठी 'करुणा समिती'. अध्यक्ष तेच. सदस्य गायनमंडळाच्या बाई, ज्यांना आम्ही पाठीमागे आवाजावरून 'कर्णा' म्हणतो. चिटणीस मी, कारण पाळकाच्या बायकोला 'नाही' म्हणायची सोय नसते.

चर्चा रंगली ती करुणा किती वेळ दाखवायची यावर! कर्णा म्हणाल्या, तासभर. हेडमास्तर म्हणाले, "वीस मिनिटं. करुणेलाही शिस्त हवी." मग तक्ता आखला. भेटीची वेळ, पश्चात्ताप झाला, पश्चात्ताप झाला नाही. मी गमतीने म्हटलं, 'थोडासा' असाही रकाना ठेवा की. कुणी हसलं नाही. रकाना आखला!

पण शेवटचा ठराव ऐकून माझं हसू पळालं. बावीस तारखेपर्यंत पत्र मागे घेतलं नाही, तर भर उपासनेत नाव वाचायचं. आमच्याकडे रीतच आहे. कुणी दुसऱ्या मंडळीत गेलं की व्यासपीठावरून वाचतात, 'पुढील नाव प्रेमपूर्वक कमी करण्यात येत आहे.' डॉक्टरची म्हातारी आई दर रविवारी दुसऱ्या बाकावर असते. तिला यातलं काही ठाऊक नाही. डोळे गेलेत बिचारीचे, कान मात्र शाबूत आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

कर्णा करुणा दाखवून आल्या. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत उभं राहून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. तीन पेशंट बसले होते. एकाची दाढ तिथल्या तिथे दुखायची थांबली, तो घरी गेला.

अहवाल – 'पश्चात्ताप: थोडासा.' कुणाला, ते लिहिलेलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

हेडमास्तरांची पाळी. त्यांची दाढ ठणकत होती, म्हणून म्हणाले, दोन्ही कामं उरकून घेतो. आधी दाढ, मग करुणा. इथेच फसले! डॉक्टरने सुई टोचली, तोंडात कापूस कोंबला आणि स्वतःच बोलायला लागला. चाळीस मिनिटं!

"मला एक शब्द बोलता येईना हो," हेडमास्तर तोंड वाकडं करून सांगत होते.

"पण तो काय म्हणाला?"

मग गाल चोळत म्हणाले, "फार प्रार्थना करायचा म्हणे. विश्वास टिकावा म्हणून."

तक्त्यातले पश्चात्तापाचे तिन्ही रकाने त्यांनी कोरेच ठेवले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे आज पुन्हा दवाखान्यात. मागच्या गुरुवारीही गेले होते. दात तर लोखंडाचे आहेत यांचे! हरवलेलं मेंढरू शोधायला जातात, दुसरं काय. तक्ता नाही की गाजावाजा नाही. अभिमान वाटला. सांगितलं मात्र नाही, उगाच शेफारतील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या दाढेतलं सिमेंट निघालं. खरंच निघालं, बहाणा नाही!

आ वासून पडले होते. डॉक्टर म्हणाला, "काकू, आता तुम्हाला बोलता येत नाही, म्हणून सांगतो. मी कुणावर रागावलेलो नाही. वर्गात एका चिमुरडीने विचारलं, 'तुम्हाला नक्की माहीत आहे का हो?' मी हो म्हटलं. खोटं बोललो, काकू. एवढ्याशा पोरीशी. त्यानंतर त्या वर्गात पाऊल टाकवेना."

थोड्या वेळाने म्हणाला, "आईला मीच सांगणार आहे. तिच्याजवळ बसून, नीट. तिने ते सगळ्यांच्या समोर ऐकू नये, एवढंच."

माझ्या डोळ्यांना धार लागली. "दुखतंय का?" म्हणाला. मी मान हलवली. कशी हलवली, मलाच माहीत नाही.

वीस वर्षं मी याच्याशी बोलत आले. ऐकलं आज पहिल्यांदा, तेही तोंड बंद करता येत नव्हतं म्हणून. लाज वाटली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

समितीत मी सरळ सांगितलं, नाव वाचू नका. कर्णा म्हणाल्या, "लपवाछपवी म्हणजे करुणा का?" हेडमास्तरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "नियम आहे, बाई. माझाही इलाज नाही." कागद त्यांच्याच सुवाच्य अक्षरात तयार झाला.

घरी येऊन यांच्यावर उखडले. "तुम्ही वाचणार तो कागद?"

"व्यासपीठावर मीच असतो ना."

"त्या म्हातारीच्या तोंडावर? मग कसले पाळक तुम्ही!"

उद्याच्या झग्याला इस्त्री करत राहिले. जरा जास्तच बोलले का मी? बोलले तर बोलले.

२२ फेब्रुवारी, रविवार

यांनी कागद उघडला. "पुढील नाव प्रेमपूर्वक कमी करण्यात येत आहे." मी म्हातारीचा हात घट्ट धरला. यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि नाव वाचलं – स्वतःचं.

कर्णांच्या तोंडूनसुद्धा आवाज फुटला नाही.

घरी आल्यावर विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "चार वर्षं झाली." म्हणजे चार वर्षं रोज जेवायच्या आधी हे प्रार्थना म्हणत आले, ती निव्वळ माझ्यासाठी!

खूप रडले. मग ताटं वाढली. यांनी सवयीने हात जोडले. मी म्हटलं, "राहू द्या. तुम्ही जेवा. आज मी म्हणते."