तिच्या आवाजाची सोय

माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन परवा सकाळी ठरले आहे, असे आज सर्जनबाईंनी सांगितले. धोका किती, असे मी विचारले, तर त्यांनी आधी माझ्या मुलाकडे पाहिले. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री आमच्या घरच्या डॉक्टरांनी करून घेतली आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भीती वाटते म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्यानंतर मुलाची.

२. सोल्डरिंगची हत्यारे शेजारच्या रेडिओवाल्याला. माझे ड्रिल त्याने नेले ते नेलेच. तेही त्याचेच समजावे. मी विसरलेलो मात्र नाही.

३. पत्नीच्या पलंगाजवळचा कॉम्प्युटर. पक्षाघाताने तिची वाचा गेली. एका बोटाने बटण दाबून ती पडद्यावरची अक्षरे निवडते आणि कॉम्प्युटर ती मोठ्याने बोलतो. त्याचा प्रोग्राम मी विंडोजऐवजी लिनक्स या सिस्टिमवर बसवला आहे, दुसरीकडे तो चालत नाही.

मागे मी बाहेरगावी असताना मुलाने हौसेने गेमिंगचा नवा कॉम्प्युटर आणून तिथे जोडला. आत रंगीत दिवे. "यावर काहीही चालेल," असे दुकानदार म्हणाला होता. पहिल्याच अपडेटनंतर त्यातले पडद्यावर चित्र उमटवणारे ग्राफिक कार्ड लिनक्सशी जुळेना आणि पडदा काळा झाला. ती बटण दाबत राहिली आणि मुलगा तिला पाणी पाजत राहिला. मी येऊन जुना कॉम्प्युटर जोडला तेव्हा ती पहिला शब्द बोलली, "पोट." अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते. अजूनही डोळे मिटले की तो काळा पडदा दिसतो आणि त्यापुढे तिचे हलणारे बोट.

म्हणून पुढे नवा कॉम्प्युटर घ्यावा लागला तर काय बघावे, ते सांगतो. बाजार गेमवाल्यांसाठी मांडलेला आहे, दिव्यांना भुलू नये. माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह दुकानातच लावून पाहावा. आवाज येतो का, तिचे बटण ओळखले जाते का, झोपवलेला कॉम्प्युटर जागा होतो का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राफिक कार्ड असे घ्यावे, की ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिनक्समध्ये आधीपासून असतो, आणि तेही जरा जुने झालेले. दुकानदार मला विचारायचा, "काका, गेम कुठली खेळणार?" मुलालाही विचारेल. हसू द्यावे.

४. दिव्यांचा कॉम्प्युटर मुलाला, रागाविना. तिच्या खोलीत मात्र आणू नये.

एवढे लिहून मी तिला वाचून दाखवले. तिने बराच वेळ अक्षरे निवडली. "कागद नको. त्याला शिकवा."

मुलगा म्हणाला, "बाबा घरी आले की शिकतो ना, आई."

"आत्ता."

माळ्यावर याच जातीचा जुना कॉम्प्युटर राखून ठेवला होता, तो खाली काढला आहे. सह्या झाल्या की मुलगा चालू कॉम्प्युटर काढून तो जोडेल. मी हात लावायचा नाही, असे ठरले आहे. तोवर ती मुकी राहील. पडदा उजळला, की पहिला शब्द तीच बोलेल.

साक्षीदार: घरच्या डॉक्टरबाई (सही), वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही)
लिहून देणार: तिचा नवरा (सही)
स्थळ: तिची खोली
दिनांक: दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ