ऑनलाइन दुकानासाठी तीन कोटेशनं

४ फेब्रुवारी

हिला तिच्या ताईकडे जाऊन आज आठ दिवस झाले. चार-पाच दिवसांसाठीच गेली आहे. आठ झाले, मान्य. पण ताईकडे हवा चांगली आहे. जाताना दोन मोठ्या बॅगा, शिवणयंत्र आणि कापडांची तिन्ही खोकी घेऊन गेली. चार दिवसांसाठी शिवणयंत्र कशाला, असं विचारणार होतो, पण टेंपोवाला घाई करत होता.

संकल्प: ही परत यायच्या आत तिच्या बाहुल्यांचं ऑनलाइन दुकान तयार. सरप्राइज. ही कापडाच्या बाहुल्या शिवते, सगळं हाताने. दुकान काढू या, असं सहा वर्षं म्हणत होती. मी सहा वर्षांत एकदाही नाही म्हटलेलं नाही. नीट बघून घेऊ, एवढंच म्हणत आलो.

मी कंपनीच्या परचेस खात्यात सव्वीस वर्षं आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधी टाचणी घेत नाही. पंधरा दिवसांत दुकान उभं करतो. तारीख टाकून लिहिलंय.

७ फेब्रुवारी

तीन सॉफ्टवेअर निवडली. नावं लिहीत नाही, खात्याची सवय. अ, ब आणि क.

अ: महिन्याचं भाडं भरपूर, पण सगळं तयार मिळतं.
ब: फुकट. पण प्रत्येक सोय वेगळी विकत घ्यायची. दार फुकट, बिजागरी जादा.
क: भाडं कमी, पण दर विक्रीवर कमिशन.

वरवर बघणारा माणूस लगेच अ घेईल. असेच लोक कंपन्या बुडवतात. कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, म्हणजे तुलनेचा तक्ता, करायला घेतलं. सध्या अकरा रकाने.

हिला फोन केला. दुकानाचं बोललो नाही. तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली. मी बरा आहे का, ते विचारलं नाही. घाईत असणार.

१२ फेब्रुवारी

स्टेटमेंट चोवीस रकान्यांवर गेलं. ऑफिसात कॉम्प्युटर विभागातला फुकट्या भेटला. फुकट मिळतं तेच उत्तम असं त्याचं तत्त्वज्ञान, म्हणून हे नाव. अर्थात ब घ्या म्हणाला. मी विचारलं, एका बाहुलीचे शंभर प्रकार दाखवता येतात का? रंग, माप, केस? तो म्हणाला, येतात, पण वहिनी शंभर प्रकार करतात का? मी म्हटलं, उद्या करतील. धंदा वाढायला जागा ठेवावी लागते. तो घड्याळ बघत निघून गेला. मुद्दा पटला.

१९ फेब्रुवारी

पंधरा दिवस आज संपले. दुकान उभं नाही, पण पाया भक्कम आहे. सदतीस रकाने.

घरात शिवणयंत्राचा आवाज नसल्यामुळे एकाग्रता छान होते. इतकी छान, की सहा वाजता रेडिओ लावून ठेवला.

२६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरी करते, दर बुधवारी फोन असतो. आज गुरुवार. म्हणाली, बाबा, आई काय म्हणून गेलीये ते तुम्हाला कळलंय ना? मी म्हटलं, हवापालट. मग तिने शिवणयंत्राचं जुनं प्रकरण उकरून काढलं.

त्याची वस्तुस्थिती नोंदवतो. हिला नवं यंत्र हवं होतं. मी बाजारातली नऊ यंत्रं तपासली. त्याला चौदा महिने लागले. तेवढ्यात हिने स्वतःच्या पैशाने एक आणलं. ते माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि मी तिला तसं सांगितलंही. त्या दिवशी ही स्वयंपाकघरात पाठ करून बराच वेळ उभी होती. मला वाटलं, दूध उतू जाईल म्हणून लक्ष ठेवतेय.

लेक आईवर गेली आहे. राईचा पर्वत.

५ मार्च

अ ची चौदा दिवसांची फुकट ट्रायल सुरू केली. नुसत्या कागदावर किती दिवस बसणार? दुकानाचा रंग निवडायचा होता. एकशे बारा रंग. हिचा आवडता रंग कुठला ते आठवेना. साड्या डोळ्यांसमोर आणून बघितल्या, सगळ्या वेगवेगळ्या. राखाडी ठेवला. राखाडीला कुणी नावं ठेवत नाही.

१४ मार्च

माल चढवायच्या पानावर घोडं अडलं. प्रत्येक वस्तूचं वजन भरावं लागतं, नाहीतर कुरिअरचा खर्च निघत नाही. लांबी, रुंदी. तयार व्हायला किती दिवस. धुता येते का. आत काय भरलंय.

एकही रकाना भरता आला नाही. सॉफ्टवेअर फार चौकस आहे.

१५ मार्च

हिला फोन केला. सरप्राइज फुटू नये म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या एका बाहुलीचं वजन किती असतं गं? आधी तिला वाटलं, मला बरं नाहीये. मग म्हणाली, प्रत्येकीचं वेगळं. दिवस किती लागतात? कधी चार, कधी महिना. चेहरा सगळ्यात शेवटी शिवते, म्हणाली, आणि नाही जमला तर पूर्ण उसवते. एकीसारखी दुसरी आजवर केलेली नाही.

मी समजावलं, असं चालणार नाही, स्टँडर्ड तीन-चार चेहरे पक्के करून टाक, म्हणजे स्टॉक मोजता येईल. त्यावर ती म्हणाली, बावीस वर्षं तुमच्याच घरात करत होते, तुम्ही एखादी कधी हातात घेतली नाहीत का?

प्रश्न विषयाला सोडून होता. फोन ठेवला.

१६ मार्च

नसेल घेतली. सुया असायच्या त्यांत.

१९ मार्च

अ ची ट्रायल संपली. सारखे मेल येतात, आम्हाला तुमची आठवण येते. कोण कुठले लोक, पण बरं वाटलं. आजचा मेल दोनदा वाचला.

२ एप्रिल

ब ची ट्रायल. नाकी नऊ आले. पैसे घ्यायची सोय वेगळी, बिलाची वेगळी, फोटो मोठा करून बघायची तिसरीच. एक बसवली की दुसरी बंद पडते. फुकट्याला बोलावलं. दोन तास बसला, तीन वेळा जेवला आणि म्हणाला, मी तर वहिनींना दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, नुसते फोटो फोनवर पाठवा, ओळखीतच विकल्या जातील. मी विचारलं, मग? म्हणाला, त्या म्हणाल्या, ह्यांना सांगितलंय, हे करतायत, आता आपणच केलं तर ह्यांना वाईट वाटेल.

हे मला आजच कळलं.

ब बाद.

९ एप्रिल

अंतिम स्टेटमेंट तयार. त्रेसष्ट रकाने. सरप्राइज आता पुरे, असं ठरवून हिला मंजुरीसाठी मेल केला. खाली लिहिलं: सगळ्या बाजूंनी विचार करता क योग्य वाटतं, तुझी हरकत नसावी.

११ एप्रिल

उत्तर आलं! ‘ठीक आहे.’

दोन शब्द, पण त्यांत सगळं आलं. हरकत नाही. राग नाही. दुकान हवंय. म्हणजे परत यायचंय. घर झाडून घेतलं. तिच्या उशीचा अभ्रा बदलला.

१८ एप्रिल

क घेतलं. खराखुरा प्लॅन, तीन महिन्यांचा. दुकान आज चालू केलं आणि पत्ता हिला पाठवला. माल नाही, पण पाटी आहे. पाटीखाली लिहिलं: लवकरच.

२२ एप्रिल

दुकानाला चार दिवसांत एकोणचाळीस भेटी! क रोज आकडा दाखवतं. कोण बघणार? हीच. सकाळी नऊला एकदा, दुपारी दोनदा, संध्याकाळी सातच्या सुमारास पाच-सहादा. माझी बायको दिवसातून दहा वेळा माझं दुकान उघडून बघते. बोलत नाही, पण बघते. आज ऑफिसात गुणगुणत होतो, असं साहेब म्हणाले.

२५ एप्रिल

फुकट्याला आकडे दाखवले. त्याने दोन मिनिटं खुडबूड केली आणि म्हणाला, काका, हे सगळे तुम्हीच. सकाळचे ऑफिसातून, संध्याकाळचे घरून. शिवाय दुकानाला पासवर्डचं कुलूप तसंच आहे, बाहेरच्याला आत येताच येत नाही.

एरवी मला साहेब म्हणतो. काका का म्हणाला कळलं नाही.

कुलूप काढलं. 

२७ एप्रिल

कालच्या भेटी: शून्य. मी उघडून बघायचं टाळलं होतं.

३ मे

लेकीचा फोन. म्हणाली, आता स्पष्टच सांगते, बाबा. आईने ताईमावशीचं घर सोडलं. मोठ्या खिडकीची एक खोली घेतली आहे. दोन दुकानदार तिच्या बाहुल्या ठेवतात, तिसऱ्याशी बोलणं चाललंय. ती परत येणार नाहीये. मी विचारलं, ऑनलाइन कुठलं सॉफ्टवेअर वापरते? लेक रडायला लागली. मी काय वाईट विचारलं?

पत्ता मागितला. आईला विचारून सांगते, म्हणाली. वडिलांना आईचा पत्ता द्यायला परवानगी लागते, हे स्टेटमेंटच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

८ मे

लेकीचा मेसेज: आई नको म्हणाली. सॉरी बाबा.

१५ मे

कपाटाच्या वरच्या फळीवर, पांघरुणांच्या मागे, एक बाहुली सापडली. घाईत राहिली असणार. हातात घेतली. सुया वगैरे काही नाहीत. टाके इतके बारीक की चष्मा पुसून बघावं लागलं. एक भुवई किंचित वर आहे. ही अशी बघायची, मी दुकानातून काही न घेता परत आलो की. मला वाटायचं, कौतुकाने बघतेय.

खूप वेळ घेऊन बसलो. मला तिची फार आठवण येते. रोजनिशी माझीच आहे, लिहायला हरकत नाही.

१७ मे

निर्णय: दुकानात माल एक. ही बाहुली. फोटो स्वतः काढले, सव्वीस. वजन केलं. मोजमापं घेतली. सगळे रकाने भरले, एकही रिकामा नाही. ‘वस्तूबद्दल चार शब्द लिहा’ या जागी चार ओळी लिहिल्या, खोडल्या आणि शेवटी लिहिलं: ही एकच आहे. अशी दुसरी होत नाही. मला उशिरा कळलं.

घ्यायच्या पद्धती दोन ठेवल्या. एक कुरिअर. दुसरी ‘स्वतः येऊन घेऊन जाणे’, तिथे घरचा पत्ता. वेळ आधी संध्याकाळी सहानंतर अशी टाकली होती. मग ‘केव्हाही’ केली. त्याला जादा पैसे पडत नाहीत.

पत्ता हिला पाठवला. दुकानाचं कुलूप काढलंय ना, ते तीनदा तपासलं.

२१ मे

ऑर्डर आली!!

ऑफिसात टेबलावर होतो. फोन वाजला, उघडला, आणि उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. नाव हिचं. आडनाव माहेरचं. पैसे पूर्ण भरलेले. मी घासाघीस करू दिली असती, सवलतीची सोय क मध्ये आहे.

घ्यायची पद्धत: कुरिअर.

पत्त्यात तिसरा मजला, खोली सात. आपल्या घरापासून चालत वीस मिनिटं.

‘विक्रेत्याला काही सांगायचंय?’ या रकान्यात तिने लिहिलं आहे: ‘एवढी एकच तिथे राहिली होती. वर्णन वाचलं. छान लिहिलंय. स्वतः आणून देऊ नका, कुरिअरनेच पाठवा.’

खाली क चा मेसेज: अभिनंदन! तुमची पहिली विक्री! दुकान वाढवायला मोठा प्लॅन घ्या.

२२ मे

खोकं, मऊ कागद, चिकटपट्टी. कुरिअरवाल्याने पत्ता वाचला आणि म्हणाला, अहो साहेब, हे तर इथेच आहे, चालत द्या की. मी म्हटलं, ग्राहकाने कुरिअर सांगितलंय. तो हसला. त्याने दर सांगितला. दुसरीकडे चौकशी केली नाही. सांगितला तेवढा दिला.

२३ मे

पोचली. सही तिची.

३० मे

क विचारतं, ग्राहकाला अभिप्राय विचारायचा का? हो दाबलं होतं. आठ दिवस झाले. अभिप्राय नाही.

आज लेकीला मी होऊन फोन केला. म्हटलं, आई सुखात आहे का? म्हणाली, हो बाबा, आहे. म्हटलं, बरं. हे लेकीला विचारायला मला चार महिने लागले.

१८ जुलै

तीन महिन्यांचा प्लॅन आज संपतो. दुकानात विकायला काही नाही आणि येणारही नाही. ती येणार नाही. फुकट्या म्हणाला, बंद करा काका, रिकाम्या दुकानाचं भाडं कशाला भरायचं? बरोबर आहे. असल्या व्यवहारावर मी परचेसमध्ये कुणाला सही करू दिली नसती.

बंद करायचं बटण दाबलं. क ने विचारलं, नक्की? दुकान बंद केलं की ग्राहकांची यादीही पुसली जाईल.

यादी उघडली. एकच नाव. तिसरा मजला, खोली सात.

वर्षभराचे पैसे भरून टाकले.