किटली: जन्मापासून भंगारापर्यंत

सोमवार, ३ मार्च
साहेबांनी शेवटी ओळखलं मला! कंपनीच्या इलेक्ट्रिक किटलीचा पर्यावरणावर एकूण भार किती, ते शोधायचं. पत्रा, प्लॅस्टिक, कारखाना, ट्रक, घरातला वापर, शेवटी भंगार. अहवाल चांगला झाला तर नव्या पर्यावरण विभागाचा प्रमुख मीच. निदान तसं सुचवलं. लिफ्टचं दार बंद होत होतं, पण मान नक्की हलली.
खुर्चीत बसवेना. गच्चीवर येरझाऱ्या.

बुधवार, ५ मार्च. सकाळी
पत्रा, प्लॅस्टिक, ट्रक यांचे आकडे मिळाले. उरला वापर. पुष्कळ घरांत किटलीला मीटर लावून वीज मोजावी, असा नियम आहे. पुष्कळ कशाला? एकच, पण नीट निवडलेलं. आमचं घर अगदी सरासरी आहे. मीटर लावला. बायको म्हणाली, या घरात सरासरी काय आहे ते एकदा दाखवा.

शनिवार, ८ मार्च
सुट्टी असून काम. चहाला पाणी ठेवलं, तेवढ्यात भंगाराबद्दल मुद्दा सुचला. टिपायला खोलीत आलो. मुद्दा विसरलो. परत गेलो तर पाणी गार. पुन्हा ठेवलं. मुद्दा आठवला! पुन्हा खोलीत. विचार करणाऱ्या माणसाचं असंच असतं.
किटली मी काठोकाठ भरतो. कुणी आलं तर? कुणी येत नाही, ती गोष्ट वेगळी.

मंगळवार, ११ मार्च
मीटर तीनदा पाहिला. कारखाना, ट्रक सगळं एकीकडे आणि आमच्या स्वयंपाकघरातली वीज एकीकडे. घरात कुणीतरी बेफिकीर आहे. संशय आप्पांवर. वडील असले म्हणून काय झालं? पहाटे उठून गरम पाणी पितात. विचारलं, तर म्हणाले, मी गॅसवर करतो, तुझी किटली कधी मोकळी सापडली तर ना. तेव्हापासून बोलणं बंद. मीठसुद्धा सुनेकडून मागतात.

शुक्रवार, १४ मार्च
अहवालात लिहिलं: दोष किटलीचा नाही, सरासरी वापरणारा अत्यंत निष्काळजी आहे. साहेब "वा, वा" म्हणाले. नंतर कळलं, फोनवर होते.
विभागाच्या खोलीला पडदे हिरवे. ठरलं.

सोमवार, १७ मार्च
अहवाल तपासायला बाहेरच्या तज्ज्ञ बाई आल्या. विचारलं, हे घर कुणाचं? म्हटलं, एका सुशिक्षित, जागरूक कुटुंबाचं. त्या म्हणाल्या, पुन्हा मोजा, आणि घरातलं एकेक माणूस काही दिवस बाहेर पाठवून बघा. युक्ती चांगली. आप्पांना काकांकडे पाठवलं. पिशवी उचलून गेले. दारात उभं राहून फार वाईट वाटलं. चहा ठेवला.

गुरुवार, २० मार्च
आप्पा नाहीत, तरी आकडा तेवढाच. म्हणजे बायको! पण माहेरी जा म्हणायचं कसं? शब्द जुळवता जुळवता पाणी कितीदा उकळलं कोण जाणे. शेवटी बोललो. ती म्हणाली, आधी तुम्ही जाऊन या. कारखान्याची भेट राहिलीच होती. निघालो.

मंगळवार, २५ मार्च
परत आलो. मीटर जेमतेम हलला होता. बायकोने आप्पांना केव्हाच परत आणलंय. दोघं त्याच किटलीतला चहा पीत बसलेली.
मीटर बिघडलाय, असं बाईंना कळवलं. त्यांनी तपासला. ठणठणीत.

शुक्रवार, २८ मार्च
बाईंचा शेरा आला. किटली उत्तम आहे. वापराचे आकडे घ्यायला कृपया दुसरा माणूस निवडावा. साहेबांनी विभागही बाईंनाच दिला. हिरवे पडदे त्यांनाही आवडले म्हणे.
घरी शेरा वाचून दाखवला, निषेध म्हणून. बायकोने पदर तोंडाला लावला. आप्पा इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, बाई हुशार दिसतात.
मग स्वतः उठून त्यांनी माझ्यासाठी चहा केला. कपाने मोजून पाणी घेतलं. कप हातात दिला आणि म्हणाले, संपेपर्यंत जागचा हलू नकोस. एवढं टिपून ठेवावं म्हणून खोलीत आलो.
परत गेलो तर चहा गार. किटली आप्पांच्या कपाटात, कुलूप लावून.