तुह्या वर्गावरून मोजलेले सालं

प्रिय माह्या भांडखोर हर्षे,

फोन न करता पत्र लिहून राह्यली, कारण फोनवर तू मधातच बोलते अन् मंग दोघीबी रडतो. कागदात तुले तोंड खुपसता येत नाई. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाये, हासू नको.

इथी मोहाचे फुलं पडून राह्यले. काल झाडाखाली शेजारच्या सुगंधाबाईनं इचारलं, तुमची विहीर कवाची. मी म्हटलं, हर्षा चौथीत होती तवाची. लय हासली. म्हणे, तुह्या घरी कॅलेंडर नाई का? आता तिले काय सांगू, ही सवय तुह्या बाबाची. घरावरचे कवेलू बदलले ते तू सातवीत. बैल मेला ते तू दहावीत. त्याईनं माह्याशी अबोला धरला तो तू पाचवीत, पण सांजच्याले भाजी खारट झाली अन् तोंड उघडलंच. जून लागला का म्हणत, आपलं नवं साल सुरू झालं. मी चिडवत होती, का शाळेत पोरगी जाते अन् पास तुमी होता.

ते गेले तवा तू कॉलेजच्या पयल्या वर्षाले होती. कोणी इचारलं का माह्या तोंडातून हेच निघते.

ऐतवारी तू म्हणाली, बाबाची पयली पुण्यतिथी पेपराच्या मधात येते, परीक्षा सोडून घरी येतो, पुढच्या साली पाहू. मी तुह्या जुन्या शाळेत जाऊन नूतन मॅडमले इचारलं. त्या म्हणाल्या, शैक्षणिक वर्ष अर्धं नसते. धान बुडालं तरी चार पायल्या घरी येते, हे तसं नाई. परीक्षा सोडली का जूनपासून वर्गात बसली ते सारं परत करा लागते.

म्हून सांगून राह्यली, त्या दिवशी येऊ नको. विहारातली वंदना मी पुढं ढकलली, तुहा शेवटचा पेपर झाल्यावर घेऊ. लटारूकाका रागावले, का मेलेल्या माणसाचा दिवस पोरीच्या परीक्षेवर ठरते का? मी म्हटलं, या माणसाचा ठरते. त्या दिवशी सकाळी मी एकटीच त्याईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावीन. एक डाव मले एकटीले रडू दे माय, तू आली का तुले सांभाळण्यातच माह्यं रडणं राहून जाते. तू तिकडं पेपर लिहीत अस.

तुहीच, पेपर होयेपर्यंत दार न उघडणारी,
आई