चौथी खाच

३ ऑक्टोबर

पत्र आलं! शेती यंत्रांची पदवी, चार वर्षं. जागा राखायची तर वीस तारखेच्या आत कर्जाचे कागद द्यायचे. आईने ओले हात पदराला पुसून पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

काकांकडे धावत गेले. त्यांच्याच वर्कशॉपमध्ये दोन वर्षं बिलं लिहितेय, पाने-पकडी शोधून देतेय. म्हणाले, "जामीन मीच राहणार ना? मग आधी हिशेब दाखव. नुसते दात नको दाखवूस."

५ ऑक्टोबर

कर्ज चार लाख ऐंशी हजार. शिकून झाल्यावर सहा वर्षं, दरमहा साधारण नऊ हजारांचा हप्ता. माहितीपुस्तकात लिहिलंय — सुरुवातीचा पगार पंचेचाळीस हजार! मग काय, उड्याच. मुखपृष्ठावर एक हसरा माजी विद्यार्थी ट्रॅक्टरला टेकून उभा आहे. चिखलाचा एक ठिपका नाही, एवढा नवा ट्रॅक्टर.

६ ऑक्टोबर

कॉलेजात फोन करून त्या हसऱ्याचा नंबर मिळवला. मुखपृष्ठवाले दादा भले निघाले.

"फोटो माझा आहे. पगार माझा नाही," म्हणाले. त्यांना पहिल्या वर्षी एकवीस हजार मिळाले, तेही टायर विकून. आता चौथं वर्ष संपलंय. यंत्रांच्या चाचण्या घेतात, अडतीस मिळतात. कर्जाची दोन वर्षं बाकी.

विचारलंच शेवटी — पश्चात्ताप होतो का?

"हप्त्याच्या दिवशी होतो. बाकीचे एकोणतीस दिवस नाही."

फोन ठेवल्यावर आकडे मांडले. एकविसातून नऊ गेले, उरले बारा. काका मला आत्ता देतात तेही बाराच!

७ ऑक्टोबर

काकांना खरे आकडे दाखवले. लपवायचं जिवावर आलं होतं, पण दाखवायचंही. "म्हणजे चार वर्षं घासून बाईसाहेब तिथल्या तिथे!" म्हणाले आणि चहा मागवला.

आई रात्री म्हणाली, "तू गेलीस की बिलं कोण लिहिणार, हे खरं दुखणं आहे त्यांचं." असेल. पण बारा ते बाराच.

११ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

चाळीस एकरवाल्या बाईंचं पेरणीयंत्र दुरुस्तीला होतं. उद्यापासून त्यांचा गहू पेरायचा. बिल लिहिताना काका सांगत होते — बेअरिंग, दोन नळ्या, चाक बदललं. जुन्या मापाचं चाक मिळालं नाही म्हणून दुसऱ्या यंत्राचं घातलं. मी विचारलं, "आणि खाच?" (बी किती पडायचं ते दांडा कुठल्या खाचेत आहे त्यावर ठरतं.)

"गव्हाला चौथी. वीस वर्षं चौथी. डोळे झाकून!"

पण बी पडतं ते चाक फिरेल तसं. टेप घेतला. जुन्या चाकाचा घेर दीडशे सेंटीमीटर, नव्याचा एकशे ऐंशी. चाक मोठं म्हणजे फेऱ्या कमी — जिथे सहा पोती पडायची तिथे पाचच पडणार! चाळीस एकरांत!

काका म्हणाले, "पुस्तकं कमी वाच." प्रवेश परीक्षेच्या पुस्तकातच होतं ते. मी यंत्र जॅकवर चढवलं, खाली पोतं अंथरलं, हाताने चाकाच्या पन्नास फेऱ्या मोजल्या, पडलेला गहू तोलला. तेवढ्या अंतराला, म्हणजे नव्वद मीटरला, पडायला हवा तेवढा भरला नाही. पुन्हा केलं. नाही. काकांचा चेहरा उतरला. पाचव्या खाचेत टाकलं तर थोडा जास्त पडला, पण पीक विरळ होण्यापेक्षा बरं. बाई सगळा वेळ उभ्या होत्या. जाताना पैसे काकांना दिले आणि "पोरी, हे कुठे शिकलीस?" मला विचारलं.

"अजून शिकायचंय," म्हटलं. काय बोलून गेले!

१२ ऑक्टोबर

आई म्हणते, "हे तर तुला डिग्रीशिवायच आलं की." आलं. पण पाचव्या खाचेत जास्त का पडतं, चौथी आणि पाचवीच्या मधलं काढायचं कसं, ते कुठे येतं? त्या दोन खाचांमधलं मला हवंय. बारा हजार उरले तरी हवंय. आज पहिल्यांदा हे स्वतःशी स्पष्ट कबूल केलं आणि हलकं वाटलं.

पण मी गेले आणि पुन्हा एखादं चाक बदललं, तर टेप कोण धरणार? काकांना चष्मा लावायचीही लाज वाटते.

१४ ऑक्टोबर

काकांनी तीन दिवस चहासुद्धा मागवला नाही!

१७ ऑक्टोबर

जामिनाचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवून आले. "बाराच उरतील, तरी जायचंय," एवढंच म्हटलं. "हं," म्हणाले. हं म्हणजे काय?

१९ ऑक्टोबर

सकाळी गेले तर वर्कशॉप आधीच उघडं. काका चष्मा लावून जमिनीवर बसलेले — कोणाचं तरी पेरणीयंत्र जॅकवर, खाली पोतं, शेजारी काटा. "बोलू नकोस! त्रेचाळीस... चव्वेचाळीस..." पन्नास झाल्यावर गहू तोलला. मीही पुन्हा करून पाहिलं. तंतोतंत!

"मग? आता तुझं इथे काय काम?" म्हणाले, आणि सही केलेला कागद माझ्या हातात दिला.