पाठांतराचा कप

१४ नोव्हेंबर

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. इकडे तसं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, नळाला पाणी येतं, तुझ्या कुंडीतलं रोप मात्र गेलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

पिल्लू कशी आहे? तिच्या वॉर्डाच्या दारावरची बाई मला आत सोडत नाही. मी तिला म्हटलं, अहो, त्या पोरीला कविता शिकवणारा आजोबा मी. तर म्हणे, हो, तुमच्याबद्दलच सांगून ठेवलंय तिच्या आईनं. तोंडाळ बाई आहे.

आमच्या शाळेत एखाद्याचा सूर लागला की मास्तर डोळे मिटून घ्यायचे. इतक्या वर्षांनी पिल्लूनं मला डोळे मिटायला लावले. आठवतो ना मागचा उन्हाळा? रात्र रात्र जागून अख्खं पुस्तक पाठ. बोलणं इतकं भरभर, की शब्द एकमेकांच्या पायात यायचे. खाण्यापिण्याची शुद्ध नाही, भिंतभर खडूनं ओळी. मी शेजाऱ्यांना बोलावून तिला खुर्चीवर उभं करायचो. तिच्या वर्गशिक्षिका घरी येऊन सांगून गेल्या, की ही नुसती हुशारी नव्हे, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, बाई, तुम्ही गणित शिकवता, तुम्ही त्यातच राहा.

मग ती एकदम अंथरुणाला खिळली. केसांना फणी नाही, तोंड भिंतीकडे. मला वाटलं, सोंग. पाहुणे आले तेव्हा दंडाला धरून उठवली. कविता आठवेना, तेव्हा हसलो आम्ही सगळे. प्रेमानंच. ती म्हणाली, "आजोबा, मला आतून कुणीतरी विझवलंय."

ओळ चांगली होती. मी पुढची विचारली.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती सुधारली असं तुझं म्हणणं. जेवायची, झोपायची, भांडी विसळायची, हे खरं. पण कविता म्हणायची ती वाणसामानाची यादी वाचल्यासारखी. पाठांतराची स्पर्धा तोंडावर आलेली. गोळ्या द्यायचं काम तू माझ्यावर सोपवून कामाला जायचीस. मी पिल्लूला म्हटलं, स्पर्धा होईपर्यंत गोळ्या नको घेऊस.

"मला परत तसं व्हायची भीती वाटते, आजोबा."

मी म्हटलं, भित्र्यांच्या तोंडी कविता शोभत नाही.

आणि काय म्हणाली गं ती! टाळ्या थांबेनात. मी डोळे मिटूनच बसलो होतो. उघडले तेव्हा कप खुर्चीवर, आणि ती गच्चीकडे धावलेली. मला उडता येतं, असं जिन्यात सगळ्यांना सांगत गेली म्हणे. पुढचं तुला ठाऊक आहे. पाय जुळतील. कोवळं हाड आहे.

तुझ्या आईला कुठल्या गोळ्या लागल्या होत्या? तीही अशीच दार लावून पडायची, आणि आपोआप उठायची. शेवटच्या खेपेला तेवढी उठली नाही.

कप कपाटावर ठेवलाय, रोज पुसतो. पुढची स्पर्धा उन्हाळ्यात आहे. नवी कविता सोबत पाठवतोय, तिच्या उशाशी ठेव. चाकाच्या खुर्चीत बसूनही म्हणता येईल. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग, आणि एवढंच सांग, की तिला फार बरी करू नका.

तिच्या आवाजाची वाट पाहणारा,
तुझा बाबा