उणे एकोणीस

ता. १६, मंगळवार

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. बाबांची गुडघ्यांवरून कुरकुर जोरात चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. तुझ्या त्या आइस्क्रीमच्या कारखान्यात कसं चाललंय? दादाचं पोट फुकटच्या आइस्क्रीमने सुटलं नाही ना अजून?

झालं कुशल विचारून. आता ऐक. आपला कंटेनर पोचला, वहिनी! पोचला आणि पास झाला! दोन वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या गोठवलेल्या कोळंबीला दारातच नाही म्हटलं, त्याच खरेदीदारांनी काल आपल्या कोळंबीची गोठलेली लादी हातात धरून अंगठा वर केला. दर महिन्याला एक कंटेनर पाठवाल का, असं विचारलंय. मी काल सकाळी जमिनीवर नव्हते.

फोनच करणार होते. पण फोनवर तू दोन वाक्यांत ‘बरं गं, ठेवते’ म्हणतेस आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं. या वेळी मला सुटायचं नाहीये.

आधी सगळं नीट सांगते. या वेळी माल भरताना मी तुझी पद्धत अक्षरशः पाळली. लादीला ड्रिलने भोक पाडायचं, थर्मामीटर पोटापर्यंत खुपसायचा आणि मगच कागदावर आकडा लिहायचा. चाळीस खोकी फोडली, चाळीस भोकं पाडली. मुकादम म्हणाला, “ताई, माल विकायचाय की चाळण्या करायच्यात?” मी म्हटलं, “गप ड्रिल चालव.” बोटं इतकी बधिर झाली की पेन दोन वेळा हातातून पडलं.

उणे अठरा, उणे एकोणीस, उणे अठरा असं छान चाललं होतं आणि एकतिसाव्या भोकाला आला उणे अकरा. शेजारच्या लादीत उणे बारा. त्या ढिगातला सगळा मालच पोटात कच्चा, नीट न गोठलेला. पाचावर धारण बसली माझी. बंदराचं फाटक चार वाजता बंद होणार होतं आणि घड्याळात वाजला होता एक. तो ढीग पुन्हा गोठवायचा तर संध्याकाळ होणार, म्हणजे जहाज चुकणार. बाबा आले आणि ओरडलेच, “एवढ्याशा फरकाने काय होतंय? कंटेनरमध्ये होईल की गार!”

तेव्हा तुझंच वाक्य तुझ्याच आवाजात माझ्या तोंडून बाहेर पडलं. “कंटेनर माल गार ठेवतो बाबा, गार करत नाही.” आणि मी जहाज सोडलं. तू जिला घाईबाई म्हणायचीस तिने जहाज सोडलं, वहिनी! खरेदीदारांना स्वतः कळवलं की माल आठवडाभर उशिरा निघेल, कारण पोटातला आकडा बसत नाही. मला वाटलं, संपलं आता सगळं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘थांबतो.’ बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कारखान्यात डबा खाताना मीठ हवं असलं तरी फ्रीझरच्या मिस्त्रींना सांगून माझ्याकडून मागवायचे.

पुढच्या जहाजाने माल गेला. एकतीस दिवस समुद्रात. कंटेनरमधल्या हवेचा आकडा फोनवर दिसतो आता, त्यामुळे माझं जेवणखाणही त्या फोनकडे बघतच चाललं होतं. मधल्या बंदरात एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवताना वीज काढावी लागते. तेव्हा आकडा उणे सोळावर आला आणि मी मिस्त्रींच्या घरी धावत गेले. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून म्हणाले, “दार बंद आहे ना? मग माल गपगुमान झोपलाय. तुम्हीही झोपा थोडं.” तासाभरात वीज जोडली, आकडा खाली आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

काल सकाळी तिकडच्या तपासनीस बाईंनी व्हिडिओवरून दार उघडून दाखवलं. पॅकिंगच्या बायका, मुकादम, मिस्त्री, बाबा, सगळे माझ्या टेबलाभोवती गोळा झाले होते. बाईंनी मधलंच एक खोकं ओढलं. आत बर्फाचा भुगा नाही, लाद्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, कोपरे धारदार. त्यांनीही ड्रिल काढलं. थर्मामीटर आत गेला आणि बाईंनी आकडा कॅमेऱ्यासमोर धरला. उणे एकोणीस! खोलीत असा काही गलका झाला की बाई तिकडे दचकल्या. बाबांनी मिस्त्रींना मिठी मारली. कोळंबी सोलणाऱ्या बायकांनी मला उचलून गरगर फिरवलं, हातमोज्यांसकट. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, “बघा, नीट करायला असं काय लागतं? मागच्या वेळी सूनबाईने एवढं केलं असतं तर…”

सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी, मी दोन वर्षं हे वाक्य ऐकतेय. प्रत्येक वेळी मी खाली बघितलंय, नाहीतर चहा करायला उठलेय. काल उठता आलं नाही. इतकं मोठं यश हातात असताना ते वाक्य गिळणं मला जमलं नाही.

मी म्हणाले, “मागच्या वेळी आकडे मी लिहिले होते.”

तुला सगळं सांगायलाच हवं. त्या दिवशीही बंदराचं फाटक चारलाच बंद होणार होतं. शेवटचा ढीग फ्रीझरमधून लवकर काढलाय हे मला माहीत होतं. मी ड्रिल खुंटीवरून काढलंच नाही. ते पिस्तुलासारखं तापमान मोजायचं यंत्र खोक्यांवर बाहेरून रोखलं. बाहेरून सगळं उणे अठराच दिसत होतं. तेच कागदावर उतरवलं, ओळीने. तू सहीपुरती धावतपळत आलीस, म्हणालीस, “भोकं पाडलीस ना गं?” मी हो म्हणाले. तू माझ्यावर विश्वास ठेवून सही केलीस.

दीड महिन्याने माल नाकारला गेला. वरच्या वजनाने लाद्या बसल्या होत्या, आतून मऊ. कंटेनरचं यंत्र ठीक होतं, म्हणजे दोष भरणाऱ्याचा. बाबा तुला नाही नाही ते बोलले आणि तू एवढंच म्हणालीस, “सही माझी आहे.” मी तिथेच उभी होते. तुमचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हाही उभी होते, दादाची गादी धरून.

त्या दुपारी तू कारखान्यात का नव्हतीस, हेही तू कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर बोट आपोआप माझ्याकडे वळलं असतं. म्हणून काल तेही मीच सगळ्यांसमोर सांगितलं. “बाबा, त्या दिवशी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. वहिनी सकाळपासून तुमच्याजवळ दवाखान्यात होती.” बाबांनी तारखेशी तारीख कधी लावलीच नव्हती. ते खुर्चीत बसले. मुकादमाने टोपी काढून हातात घेतली.

खरेदीदारांनाही मी काल लिहिलंय. पहिल्या वेळचे आकडे माझे होते आणि या वेळची पद्धत माझ्या वहिनीची आहे, असं स्पष्ट. ते काय म्हणतील ते म्हणोत.

मला माफ कर असं लिहिताना हात अडतोय, कारण ते मागण्याचा हक्क मी दोन वर्षांपूर्वीच घालवला. तरी मागते. माफ कर, वहिनी. परत यायचं की नाही, ते तुझं तू आणि दादा ठरवा. नाही आलात तरी इथे आता तुझं नाव खालच्या आवाजात कोणी घेणार नाही. आज सकाळी फळ्यावर मुकादमाने स्वतःच लिहिलंय, ‘वहिनींचा नियम: आधी भोक, मग आकडा.’

बाबा मघापासून मागे उभे राहून वाचतायत. आता पेन मागतायत. कालपासून जेवले नाहीत. त्यांच्यासाठी खाली जागा सोडते.

तुझ्या सहीमागे दोन वर्षं लपलेली,
तुझी नणंद

सूनबाई,
त्या दुपारी तू माझ्या उशाशी बसली होतीस आणि नंतर मी तुलाच विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं म्हणून. तुझं लक्ष माझ्यावर होतं. मी चुकलो. रविवारी पहिल्या बसने मी येतोय, हेच तुझ्यासमोर उभं राहून म्हणायला.
बाबा